जुन्या वाड्यातली मेन सर्व्हिस वायर घराबाहेरून कशी फिरवून घ्यायची

आमच्या वाड्यात पोलवरून येणारी मेन वायर कुठल्या वाटेने आत यायची ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जुन्या नाशकात भद्रकालीच्या बाजूला एका अरुंद बोळात आमचा वाडा आहे. बोळाच्या तोंडाशी पोल, तिथून वायर शेजाऱ्यांच्या पत्र्यावरून ओढलेली, मग आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्याला जवळजवळ टेकून खिडकीच्या चौकटीतल्या भोकातून आत, माजघराच्या तुळईवरून खिळे मारत मारत पलीकडे, मोरीच्या भिंतीवरून खाली आणि शेवटी जिन्याखाली मीटर. टेपने मोजली तर घरात शिरल्यापासून मीटरपर्यंत साडेअकरा मीटर भरली.

श्रावणात आत्या गॅलरीत साडी वाळत घालत होती आणि कपड्यांच्या तारेला ओला हात लागल्याबरोबर खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. मी पळत जाऊन मेन स्विच खाली केला, घरातले सगळे दिवे गेले, म्हटलं झालं. टेस्टर लावला तर तारेवर तो अजून पेटतोच आहे. सर्व्हिस वायरला आधार द्यायला जी जाड लोखंडी तार असते ती आणि कपड्यांची तार एकाच हुकाला बांधलेली होती, वरच्या वायरचं आवरण उन्हापावसाने तडकलेलं, आणि पावसात त्यातून करंट आधाराच्या तारेत, तिथून हुकात, हुकातून कपड्यांच्या तारेत. मेन बंद करून काही उपयोग नव्हता कारण हे सगळं मीटरच्या आधीचं.

ही गोष्ट नीट लक्षात घ्या, बाकी सगळा लेख त्याच्यावरच उभा आहे. घरातला मेन स्विच, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), फ्यूज हे सगळं मीटरच्या नंतर येतं. मीटरच्या आधीच्या वायरला घरातून बंद करायचा कुठलाच मार्ग नसतो. पोलवर फ्यूज असलाच तरी तो लाइनच्या हिशोबाने मोठा असतो, तुमच्या माजघरात उंदराने वायर कुरतडली म्हणून तो उडेल याची खात्री नाही, त्याच्या आधी तुळई पेटेल. म्हणून मीटरच्या आधीची वायर घरातून फिरताच कामा नये. ती बाहेरून यावी, डोळ्यांना दिसावी, आणि शक्य तितकी तोकडी असावी. मीटर बाहेरच्या भिंतीवर आणायचा आणि तिथून पुढे आपली स्वतःची, आपल्या एमसीबीच्या ताब्यातली वायर आत न्यायची.

आधी हे वाचा: कशाला हात लावायचा नाही

पोल ते मीटर हा सगळा भाग महावितरणचा. मीटरच्या आउटगोइंग टर्मिनलपासून पुढचं आपलं. आपल्या भागाचं कामसुद्धा लायसन असलेल्या वायरमनकडून, लायसनवाल्या ठेकेदाराच्या सहीने करायचं असतं. मीटरचं सील तोडून 'जरा फूटभर सरकवू' असं म्हणणारे खूप भेटतात, त्यांचं ऐकू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली चोरीचा ठपका येऊ शकतो आणि मग आपला हेतू चांगला होता हे सिद्ध करत बसावं लागतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती वायर जिवंत असते हो, पक्कड हातात घेऊन तिच्याशी खेळण्यात जीव जातो.

आमच्यासारखा शॉक बसत असेल तर अर्जबिर्ज नंतर, आधी १९१२ ला फोन करा, 'शॉक बसतोय, सर्व्हिस वायर उघडी आहे' असं स्पष्ट सांगा, आणि लाइनमन येईपर्यंत त्या बाजूला कुणाला जाऊ देऊ नका. ती तार सोडवायचा किंवा काठीने बाजूला करायचा प्रयत्नसुद्धा नको, ओलं लाकूड करंट नेतं. आमच्याकडे संध्याकाळी येऊन पोलवरून लाइन बंद केली आणि तेवढी जागा तात्पुरती झाकून दिली, मग खरं काम सुरू झालं.

पायरी १: वायरचा माग काढा

वही घ्या आणि पोलपासून सुरुवात करा. वर चढायचं नाही, मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून फोटो काढले की पुरतं. कुठली वायर कुणाकडे जाते, कुठे पत्र्याला घासते, कुठे झाडात अडकलीये, कुठे जोड आहे आणि त्याच्यावर टेप गुंडाळलीये, सगळं कागदावर काढा. आमच्या वाड्यात पूर्वी चार बिऱ्हाडं होती, आता दोनच मीटर आहेत, आमचा आणि काकांचा. पण वायरी मोजल्या तर तीन! तिसरी वायर माडीवरच्या बंद खोलीत जात होती, तिथला मीटर कधीच निघालेला, आणि टोकं नुसती वळवून ठेवलेली. सगळे तिला मेलेली वायर म्हणायचे. लाइनमनने तपासली तर चालू निघाली. जुन्या वाड्यात मेलेली वायर असं काही समजूच नका, चालू आहे असंच धरून चाला.

त्याच वहीत मोजमापं लिहा. एलटी लाइन (घरांना वीज देणारी कमी दाबाची लाइन) रस्ता ओलांडताना जमिनीपासून ५.८ मीटर उंच असावी, गच्चीवरून किंवा उघड्या गॅलरीवरून जात असेल तर उभं अंतर २.५ मीटर आणि बाजूने जात असेल तर आडवं अंतर १.२ मीटर असावं, हे वर्षानुवर्षांचे सुरक्षेचे नियम आहेत. आमच्या कठड्यापासून ती वायर वीतभरसुद्धा लांब नव्हती. या आकड्यांचा अर्जात उपयोग होतो, 'वायर लोंबकळते' असं लिहिण्यापेक्षा 'कठड्यापासून २० सेंटीमीटर' असं लिहिलं की समोरचा माणूस लगेच उठून बघायला येतो.

उंचीचं महत्त्व आपल्या गल्ल्यांमध्ये जास्तच. रंगपंचमीला रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद) उघडतात तेव्हा ओलीचिंब पोरं एकमेकांच्या खांद्यावर बसून बोळातून जातात, गणपतीत मिरवणुकीला बांबूने वायरी उचलून धरतात. हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून नवी वाट ठरवा.

पायरी २: मीटरची नवी जागा

बाहेरची भिंत, वळचणीखाली, पावसाचा थेट मारा नसलेली, रीडिंग घेणाऱ्याला आत न येता दिसेल अशी. डोळ्याच्या उंचीला बरं पडतं. पण सराफ बाजार, भांडीबाजार, गंगाघाट, पंचवटीचा खालचा भाग इथे राहणाऱ्यांनी उंची डोळ्यावर नाही, पुरावर ठरवायची. १९६९, २००८, २०१९ यातल्या कुठल्या पुरात तुमच्या उंबऱ्याच्या किती वर पाणी होतं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, भिंतीवर खूण असते बऱ्याच ठिकाणी, आणि त्याच्यावर मीटर, मेन बोर्ड सगळं जाऊ द्या. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागल्यावर स्टुलावर चढून मेन काढायला धावपळ करण्यापेक्षा हे परवडतं.

जिन्याखाली नको, मोरीच्या भिंतीवर नको, गॅस सिलिंडरच्या जवळ नको, आणि जुन्या सागवानी फळीवर उघडा तर नकोच नको. झाकणवाला पॉलिकार्बोनेट बॉक्स मिळतो, तो लावा.

पायरी ३: लोड मोजा

बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. आमच्यावर आजोबांच्या काळातला १ किलोवॅट होता आणि घरात गीझर २ किलोवॅटचा! गीझर, इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटर, फ्रिज, पुढे एसी घेणार असाल तर तोही, सगळं लिहून एकदम चालणाऱ्या वस्तूंची बेरीज करा. आमची ५ किलोवॅटच्या आसपास आली. भार वाढवायचा असेल तर याच वेळी अर्ज करा, नाहीतर नवीन वायर टाकून झाल्यावर परत तेच चक्र.

पायरी ४: कागदपत्रं

वायरपेक्षा जास्त वेळ इथे जातो आणि तोसुद्धा भाऊबंदकीमुळे. बिल वारलेल्या आजोबांच्या नावावर, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर सहा नावं, त्यातले दोघं पुण्यात आणि एक अमेरिकेत. आधी बिलावरचं नाव बदलून घ्या, त्याच्यासाठी बाकीच्या वारसांची संमती लागते, ती सणावाराला सगळे जमतात तेव्हाच सह्या करून घ्यायची. घरपट्टीची पावती, उतारा, शेवटचं भरलेलं बिल, आधार हे लागतं. थकबाकी असेल तर ती भरल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. वायर शेजाऱ्यांच्या भिंतीवरून किंवा पत्र्यावरून जाणार असेल तर त्यांचीही लेखी संमती घ्या, आज संबंध चांगले आहेत म्हणून तोंडी नको.

अर्ज महावितरणच्या वेबसाइटवर किंवा तुमच्या सेक्शन ऑफिसला. एकाच अर्जात तीन गोष्टी मागा: मीटर शिफ्टिंग, नव्या वाटेने नवी सर्व्हिस वायर, आणि वापरात नसलेल्या जुन्या वायरी पोलपासून कायमच्या काढणं. तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि मग ती वायर वर्षानुवर्षं तशीच लटकत राहते. सोबत पायरी १ चा नकाशा आणि फोटो जोडा. मग साइट बघायला येतात, कोटेशन मिळतं, पैसे भरायचे, पावती जपून ठेवायची. मुहूर्त म्हणाल तर दिवाळीनंतर ते होळीच्या आधी. पावसाळ्यात ओल्या भिंतीला भोकं पाडू नयेत आणि पोलवरची कामंही रेंगाळतात.

पायरी ५: आपल्या बाजूचं काम आधी पूर्ण करून ठेवा

इथे बहुतेकांची चूक होते, मीटर हलवल्यावर आतली वायर ओढू असं म्हणतात आणि मग चार दिवस अंधारात. जुनं कनेक्शन चालू असतानाच नव्या मीटरच्या जागेपासून आतल्या बोर्डपर्यंत नवी वायर, नवा बोर्ड, अर्थिंग सगळं तयार करून ठेवायचं, फक्त जोडायचं बाकी. म्हणजे बदलीच्या दिवशी दोन-तीन तासांत काम होतं.

वायर किती जाडीची? ५ किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास २२ अँपिअर. आमचं अंतर १२ मीटर, जाऊन येऊन २४. ४ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरमध्ये साधारण अडीच व्होल्ट पडतात, १० च्या वायरमध्ये एक. म्हणजे व्होल्टेजचा प्रश्न ४ मध्येही येत नाही, पण जुन्या लाकडाजवळून पाइपात जाणारी वायर तासन्‌तास गरम राहू नये आणि पुढे एसी आला तर परत भिंत फोडावी लागू नये म्हणून आम्ही १० ची टाकली. बजेट कमी असेल तर ६ चालेल, पण एमसीबी वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा नको, तो वायर वाचवायला असतो. आणि पहिला डबल पोल (दोन्ही वायरी एकदम तोडणारा) एमसीबी मीटरच्या शेजारीच बाहेर बॉक्समध्ये हवा, आत बोर्डात नाही. नाहीतर मधले १२ मीटर परत बेवारस राहतात, म्हणजे जुनंच दुखणं नव्या वायरीत.

भिंतीचं थोडं सविस्तर सांगते, कारण फ्लॅटमध्ये काम करणाऱ्या वायरमनला वाड्याच्या भिंतीचा अंदाज नसतो. आमची भिंत खाली दगडी आणि वर भेंड्याची (मातीच्या कच्च्या विटांची), दोन फुटांच्या वर जाड. मोठं हॅमर मशीन लावलं तर आतून मातीचा पोपडाच्या पोपडा सुटतो. आमच्याकडे येणारे जुने वायरमन भाऊ टाकी-हातोड्याने हळूहळू भोक पाडत होते, पाऊण दिवस गेला, पण भोक वाटीएवढंच राहिलं. भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं हवं म्हणजे पाणी आत वाहत नाही. त्यात पाइप घालून भोवताली चुना-वाळूने भरून घ्या. मातीच्या भिंतीला सिमेंट लावलं की ओल कोंडते आणि दोन पावसाळ्यांत तो गोळा तसाच्या तसा बाहेर येतो. क्लॅम्पसाठी प्लास्टिकचे गट्टू मातीत धरत नाहीत, तेव्हा क्लॅम्प दगडी थरात किंवा भिंतीत पक्क्या बसवलेल्या लाकडी गुट्ट्यांवर घ्या.

पाइपात शिरायच्या आधी वायरला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे वायर आधी खाली येते आणि मग वर चढून आत जाते. पावसाचं पाणी वायरवरून घरंगळत येतं ते झोळाच्या तळाशी टपकतं, पाइपात जात नाही. साधी गोष्ट आहे पण आमच्या गल्लीत फिरून बघितलं तर निम्म्या घरांना नाही. लोखंडी पाइप वापरत असाल तर फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी) एकाच पाइपातून न्या, वेगवेगळ्या पाइपांतून नेले तर पाइप गरम होतो. घुशी-उंदीर असतील तिथे आर्मर्ड केबल (धातूचं कवच असलेली) किंवा लोखंडी पाइप, नुसता पीव्हीसी ते कुरतडतात.

आता अर्थिंग. आमचं जुनं अर्थिंग म्हणजे नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली तार. तो पाइप कधीच बदलून प्लास्टिकचा झाला होता आणि तार मात्र तशीच, म्हणजे इतकी वर्षं घरात अर्थिंग नव्हतंच आणि कुणाला पत्ता नाही. वाड्यात राहत असाल तर आजच जाऊन बघा. नवा खड्डा घराच्या पायापासून निदान दीड मीटर लांब, ओलसर जागी, पण विहिरीला खेटून नको. चौकात खणलं तर चार फुटांवर काळा पाषाण लागला, शेवटी परसात जागा मिळाली. अर्थ टेस्टरवर ५ ओहमच्या आत यायला हवं, आमचं ३.८ आलं.

आत बोर्डात ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लगेच लाइन तोडणारा स्विच) लावा. मोरीत, गॅलरीत शॉक बसला तर हाच वाचवतो. जुन्या वायरिंगवर तो लावला की पहिल्या दिवशी धडाधड ट्रिप होतो आणि लोक वैतागून काढून टाकतात, तसं करू नका. एकेक सर्किट सोडून बघा, दोष कुठे आहे ते तोच दाखवत असतो. आमच्याकडे फक्त जिन्यातला दिवा लावला की उडायचा. शोधत शोधत गेलो तर त्या दिव्याचा फेज आमच्या मीटरवरून आणि न्यूट्रल काकांच्या मीटरवरून! वाटण्या झाल्या तेव्हा खोल्या वाटल्या, वायरी वाटल्याच नव्हत्या. काका म्हणाले, "अगं, तो दिवा दोघांचा म्हणून तसा असेल." दोघांचा दिवा असला तरी त्याच्या दोन्ही वायरी एकाच मीटरच्या हव्यात. आता तो आमच्या मीटरवर आहे.

आणखी एक, जुन्या बोर्डात न्यूट्रललाही किटकॅट फ्यूज (चिनीमातीचा जुना फ्यूज) असतो. तो काढून न्यूट्रल लिंक (फ्यूज नसलेला थेट जोड) लावा. न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर पंखा बंद पडतो, माणूस समजतो करंट गेला, आणि फेज मात्र तिथे जिवंत असतो.

शेवटी मेगर टेस्ट (वायरीच्या आवरणातून करंट गळतो का ते बघायची तपासणी), ५०० व्होल्टला किमान १ मेगओहम यायला हवं. रबरी, सुती वेष्टणाची जुनी वायरिंग याच्यात नापासच होते, ती खोली नव्याने करेपर्यंत बोर्डातून सोडवून ठेवा. ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट सहीनिशी घ्या.

पायरी ६: बदलीचा दिवस

काम पोलवरून लाइन बंद करून लाइनमनच करतात. तुम्ही खाली उभं राहून तीन गोष्टी करायच्या. जुन्या जागी मीटरचं रीडिंग आणि सील नंबर यांचा फोटो, नव्या जागी परत तसाच फोटो, आणि त्यांच्या रिपोर्टवर तेच आकडे आहेत ना ते बघून मग सही. लाइन चालू झाली की आपल्या वायरमनला प्रत्येक सॉकेट तपासायला लावा: समोरून बघताना वरचं मोठं भोक अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. मेन वायरीच उलट्या लागल्या असतील तर अख्ख्या घराचे स्विच न्यूट्रल तोडत बसतात. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा, उडायलाच हवा.

पायरी ७: जुनी वायर डोळ्यांदेखत काढून घ्या

पोलकडून सुटली याची खात्री लाइनमनकडून करून घेतल्यावरच. आमची वायर तुळईवरून ओढताना माजघराच्या मधोमध अडकली. स्टूल लावून बॅटरीने बघितलं तर जळमटांच्या मागे बोटभर लांबीत आवरण कुरतडलेलं, आतली अ‍ॅल्युमिनिअमची तार चमकत होती, आणि तिच्याखाली सागवानाला रुपयाएवढा काळा डाग, नखाने खरवडला तर कोळसा सुटला. त्याच्या बरोबर खाली आमचा पाळणा टांगलेला असतो. आई बराच वेळ तिथेच उभी राहिली होती.

माडीवरची ती तिसरी वायरही त्याच दिवशी पोलपासून निघाली. खिडकीच्या चौकटीतलं भोक बुजवून टाका, नाहीतर पुढच्या वेळी कुणीतरी तिथूनच केबल आत घेईल.

पहिला मोठा पाऊस झाला की बाहेरच्या बॉक्सकडे जाऊन झोळातून पाणी टपकतंय का, बॉक्सच्या काचेवर आतून वाफ धरलीये का, जळका वास येतोय का एवढं बघा, झाकण न उघडता. काही वेगळं वाटलं तर मीटरशेजारचा एमसीबी खाली करून वायरमनला बोलवा, आणि शंका मीटरच्या किंवा त्याच्या आधीच्या वायरची असेल तर १९१२. आरसीसीबीचं बटण तीन महिन्यांतून एकदा दाबायचं, आम्ही कॅलेंडरवर खूण करून ठेवलीये. आणि गॅलरीतली कपड्यांची लोखंडी तार काढून टाकली, आता तिथे नायलॉनची दोरी आहे, दोन्ही टोकं लाकडी खांबांना, त्या हुकापासून लांब.